डोंगरवाटा शाबूत, मिस्त्रीने राहायचे कुठे?

पूर, वणवा किंवा साथीचा रोग आला की स्थानिक प्रशासन आणीबाणी जाहीर करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून ८,८८५ फुटांवर वसलेल्या क्रेस्टेड ब्यूट या गावाच्या परिषदेने जून २०२१ मध्ये आणीबाणी जाहीर केली, ती मात्र घरांच्या टंचाईपोटी. उन्हाळ्याचा हंगाम ऐन भरात येत होता आणि उपाहारगृहांना माणसांअभावी आठवड्यातील काही दिवस दारे बंद ठेवावी लागत होती. कामे होती, पगार द्यायला मालक तयार होते, पण काम करणाऱ्याने रात्री पाठ टेकायची कोठे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. परिषदेने खासगी आवारात गाडीत किंवा तंबूत मुक्काम करण्यास तात्पुरती परवानगी दिली. हंगामी कामगारांच्या सोयीसाठी एक लहानसे अतिथीगृहही गावाने विकत घेतले. २०२० च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या होती अवघी १,६३९.

ही बातमी त्या वेळी जगभर गाजली, ती पर्यटनस्थळांवरील महागाईचा नमुना म्हणून. तिचा एक पदर मात्र फारसा कोणी उलगडला नाही. क्रेस्टेड ब्यूट हे नुसते बर्फाचे आणि रानफुलांचे गाव नव्हे. माउंटन बाइक नावाचा जो खेळ आज जगभर पसरला आहे, त्याच्या दोन जन्मस्थानांपैकी ते एक आहे. उन्हाळ्यातला त्याचा पैसा भोवतालच्या डोंगरांतील अरुंद, एकेरी सायकलवाटांवर अवलंबून आहे. या वाटा पर्यटन खात्याने आखलेल्या नाहीत आणि कोणा कंपनीच्याही मालकीच्या नाहीत. त्या राखल्या गेल्या त्या गावातल्या सायकलवेड्यांच्या हातांनी. दुकानातले मिस्त्री, हॉटेलांतले वाढपी, शाळामास्तर, वणवे विझवणारे कामगार असे हे लोक. त्यांच्या घामाने वाटा नावारूपाला आल्या, वाटांमुळे गावाचे नाव झाले, नावामुळे जमिनीचे भाव चढले आणि चढलेल्या भावांनी त्याच माणसांना गावाबाहेर लोटले. क्रेस्टेड ब्यूटपुढचा खरा पेच हा आहे.

वंगण जाळणारा खेळ

हे गाव मुळात कोळशाच्या खाणीचे. येथील ‘बिग माइन’ १९५२ मध्ये बंद पडली आणि गाव ओस पडण्याच्या बेतात आले. १९६१ च्या सुमारास जवळच्या डोंगरावर स्कीइंग सुरू झाले, तेव्हा हिवाळ्याची तेवढी सोय झाली. उन्हाळ्यात स्वस्त भाड्याच्या पडक्या लाकडी घरांतून तरुण मंडळी राहू लागली. त्यांच्यात जंगलातील वणवे विझवणारे बरेच होते. कच्च्या रस्त्यांवरून भटकण्यासाठी त्यांच्याकडे होत्या त्या १९३०-४० च्या दशकांतील जाड टायरच्या, गिअर नसलेल्या, जडशीळ जुन्या सायकली. त्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत. आपल्याकडे ‘खटारा’ म्हणतात, तसेच.

१९७६ च्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या श्रीमंत अ‍ॅस्पेनहून काही मोटारसायकलस्वार १२,७०५ फूट उंचीची पर्ल खिंड ओलांडून गावात आले आणि दारूच्या गुत्त्यासमोर गाड्या लावून त्यांनी मिजास दाखवली, अशी कथा गावात सांगितली जाते. स्थानिकांना ते झोंबले. त्यांनी आपल्या खटारा सायकली काढल्या आणि उलट दिशेने त्याच खिंडीतून अ‍ॅस्पेन गाठले. या प्रवासाला दोन दिवस लागले आणि बराच रस्ता सायकल ढकलतच कापावा लागला.

योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळ, जुन्या सायकलींची एक शर्यत सुरू झाली. सुमारे तीन किलोमीटरमध्ये तेराशे फूट खाली उतरणारा तो रस्ता होता. पॅडल उलटे दाबले की मागच्या चाकाला लागणारा ब्रेक एका उतारातच इतका तापे, की त्याच्या हबमधील वंगणाचा धूर होई. पुढच्या फेरीआधी हब उघडून त्यात नवे वंगण भरणे भाग असे. ‘पुन्हा भरणे’ याच अर्थाचा इंग्रजी शब्द त्या उताराला चिकटला आणि तो ‘रिपॅक’ झाला. एखाद्या खेळाच्या आद्य मैदानाला मिस्त्रीकामाचे नाव मिळावे, हे विरळाच. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तेथली. त्यांनी गिअर बसवलेल्या आणि डोंगरासाठी बेतलेल्या सायकली बनवल्या. १९७८ मध्ये ते त्या घेऊन क्रेस्टेड ब्यूटला आले आणि स्थानिकांबरोबर पर्ल खिंड चढले. दोन गावांच्या त्या भेटीतून या खेळाला आकार येत गेला. पुढे १९८३ मध्ये ‘क्रेस्टेड ब्यूट माउंटन बाइक असोसिएशन’ स्थापन झाली. या प्रकारची जगातील सर्वांत जुनी संघटना म्हणून ती ओळखली जाते. १९८८ मध्ये याच गावात ‘माउंटन बाइक हॉल ऑफ फेम’ उभा राहिला. तो पुढे फेअरफॅक्सला हलवण्यात आला आणि २०१५ मध्ये उघडलेल्या तेथील सायकल संग्रहालयात आता तो आहे.

दुकान की कचेरी?

पुणेकर वाचकाला सायकलचे दुकान म्हटले, की पंक्चर शोधण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले, हवेचा पंप आणि तारा पिळून चाकाची आऊट काढणारा मिस्त्री आठवतो. डोंगरगावातले दुकानही मूळ स्वभावाने तसेच असते. कामाचा ऐवज तेवढा बदललेला आहे. सकाळी भाड्याच्या सायकली गिऱ्हाइकाच्या वजनाप्रमाणे शॉकअपमधली हवा जुळवून द्यायच्या आणि संध्याकाळी त्या चिखलाने माखून परत आल्या, की गिअर लटकतो तो वाकलेला तुकडा बदलायचा. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढायची, ट्यूब नसलेल्या टायरमध्ये चीक भरायचा, फ्रीव्हीलची अडकलेली कुत्री साफ करायची. बर्फ वितळण्यापासून पाने गळेपर्यंत, म्हणजे जेमतेम चार-पाच महिन्यांत, वर्षाची कमाई करायची असते. त्या दिवसांत दुकानातला दिवा लवकर मालवत नाही.

परंतु दुकानाचे महत्त्व दुरुस्तीपुरते नाही. कोणत्या उतारावर अजून बर्फ आहे, कोठे झाड आडवे पडले आहे, कालच्या पावसाने कोणती वाट अजून ओली आहे, ही खबर सर्वांत आधी येते ती दुकानात, कारण तेथे रोज संध्याकाळी डझनावारी माणसे वाटा तुडवून परत येतात. ओल्या वाटेवरून सायकली गेल्या की टायरच्या चऱ्या पडतात. पुढच्या सरीचे पाणी त्या चऱ्यांतून धावते आणि दोन पावसाळी आठवड्यांत वाटेचा ओढा होतो. म्हणून ‘आज तिकडे जाऊ नका’ असे गिऱ्हाइकाला सांगणारा आणि भाड्याच्या पैशांवर पाणी सोडणारा मिस्त्री हा वाटेचा पहिला राखणदार असतो. स्नॉडग्रास डोंगरावरील लोकप्रिय वाटेचा काही भाग खासगी कुरणातून जातो. उन्हाळा सरताना गुरे चरायला आली, की ती वाट बंद होते. नव्या पाहुण्याला हे समजावून सांगावे लागते. फाटक उघडे राहिले, गुरे पांगली आणि कुरणमालकाचे मन फिरले, तर वाट कायमची जाईल, हेही सांगावे लागते. असे समजावणारा माणूस गावात राहणारा असला, तरच त्याच्या शब्दाला वजन येते. पंचेचाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या, तीन महिन्यांनी नोकरी सोडणाऱ्या नवख्याकडून ती अपेक्षा कशी धरणार?

वाट राखणे हे कष्टाचे काम आहे. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या वाटेला दरीच्या बाजूने किंचित उतार ठेवावा लागतो, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता आडवे निघून जाते. दर वसंतात आडवी पडलेली झाडे कापावी लागतात, खचलेली कड दगडांनी बांधून काढावी लागते. यातील बहुतेक वाटा राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर आहेत, म्हणजे काम संघराज्याच्या वन सेवेचे. पण सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेनेच २०१३ मध्ये नोंदवले होते, की वन सेवेच्या १ लाख ५८ हजार मैल वाटांपैकी जेमतेम चतुर्थांश वाटा खात्याच्या स्वतःच्या निकषांत बसतात आणि तुंबलेल्या दुरुस्तीचा खर्च ३१ कोटी ४० लाख डॉलर आहे. ही तूट भरून निघते ती स्वयंसेवकांच्या श्रमांतून. क्रेस्टेड ब्यूटच्या संघटनेने वर्षानुवर्षे कामाचे दिवस ठरवून फावडी-कुदळी चालवल्या आणि २०१७ पासून उन्हाळ्यापुरते पगारी पथकही ठेवले.

अलीकडे ही तूट आणखी रुंदावली. सप्टेंबर २०२४ मध्ये वन सेवेने पैशाअभावी पुढील आर्थिक वर्षात अग्निशमन वगळता हंगामी भरती न करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना काढले. कृषी खात्याने सांगितलेला वन सेवेतील आकडा सुमारे दोन हजारांचा होता. मार्चमध्ये त्यांना तात्पुरते परत घेण्याचा आदेश झाला. एक निर्णय डेमोक्रॅटिक राजवटीतील, दुसरा रिपब्लिकन राजवटीतील. पडलेल्या झाडाला हा फरक कळत नाही. ज्या खात्यात माणसे कमी, त्या खात्याचे काम स्वयंसेवकांवर पडणार, हे उघड आहे. मात्र स्वयंसेवक व्हायलाही आधी गावात राहता यावे लागते.

चांगुलपणाची किंमत

क्रेस्टेड ब्यूटने डोंगर वाचवण्यासाठी जे केले, ते कोणत्याही गावाने हेवा करावा असे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या मॉलिब्डेनम खाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा गाव त्याविरुद्ध उभे राहिले. १९९१ पासून गावात घर-जमिनीच्या विक्रीवर तीन टक्के कर आहे आणि त्यातला अर्धा भाग मोकळ्या जागा राखण्यासाठी जातो. दुकानांतील बिलावर ग्राहकाने स्वखुशीने एक टक्का अधिक द्यावा आणि त्यातून कुरणे वाचवावीत, अशीही योजना १९९० च्या दशकापासून चालत आली आहे. सायकलच्या सुट्या भागांच्या बिलावर डोंगरासाठी चार-दोन नाणी ठेवणारा ग्राहक ही तेथली नवलाई नाही.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहू. घरांच्या किमती जितक्या चढतील, तितका विक्रीकर अधिक आणि तितकी अधिक जमीन मोकळी राखली जाणार. जितकी जमीन मोकळी, तितकी घरे बांधायला जागा कमी. घरे कमी आणि खिडकीतून दिसणारा देखावा कायमचा सुरक्षित, म्हणून किमती आणखी वर. डोंगर वाचवणारा प्रत्येक निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत ज्याच्याकडे आधीपासून घर होते, त्याने मोजली नाही. त्याला उलट लाभ झाला. किंमत मोजली ती भाडेकरूने.

हिशेब साधा आहे. कोलोरॅडोत २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १४.८१ डॉलर होते. कसबी मिस्त्रीला त्याच्या दुप्पट मिळाले असे समजू. वर्षाचे बावन्न आठवडे, आठवड्याला चाळीस तास काम मिळाले असेही समजू, जरी हंगामी गावात ते मिळत नाही. तरी वर्षाची कमाई साडेएकसष्ट हजार डॉलरच्या आसपास जाते. गावातील घराची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे आहे. म्हणजे एक पैसाही न खाता सोळा वर्षांची कमाई. भाड्याने घ्यावे, तर पूर्वी मिस्त्रीला जी खोली महिन्याच्या भाड्याने मिळे, ती इंटरनेटवरून पर्यटकाला रात्रीच्या दराने देणे मालकाला अधिक परवडते. उरलेल्या अनेक घरांना वर्षाचे बरेच महिने कुलूपच असते. लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको.

गावाने हातावर हात ठेवले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन प्रस्ताव मतदारांपुढे आले. पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या घरांवरील कर पाच टक्क्यांवरून साडेसात टक्के करण्याचा पहिला प्रस्ताव मंजूर झाला. वर्षाचा बहुतांश काळ रिकाम्या राहणाऱ्या घरांवर अडीच हजार डॉलर वार्षिक कर बसवण्याचा दुसरा प्रस्ताव मात्र मतदारांनी फेटाळला. पाहुण्यावर कर बसवायला गाव तयार झाले. शेजाऱ्याच्या कुलपावर बसवायला धजावले नाही. दुसऱ्या प्रस्तावात त्रुटी होत्या, असे विरोधकांचे म्हणणे होते आणि कोण ‘रहिवासी’ हे ठरवणे खरोखरच सोपे नाही. तरीही दहा लाखांच्या घरावर अडीच हजार म्हणजे पाव टक्का. एवढाही भार सुट्टीपुरत्या घरमालकावर नको, असे मतपेटीतून निघत असेल, तर घरटंचाईची ‘आणीबाणी’ नेमकी कोणाची होती, असा प्रश्न पडतो.

यात सायकल धंद्याची भर पडली. २०२० मध्ये महासाथीत घरी अडकलेल्यांनी सायकलींवर झडप घातली. दुकाने रिकामी झाली आणि सुट्या भागांसाठी वर्षवर्ष थांबावे लागले. कंपन्यांनी भरमसाठ मागण्या नोंदवल्या आणि माल आला तेव्हा, २०२३ मध्ये, गिऱ्हाईक ओसरले होते. ब्रिटनमधील ‘विगल’सारखी बडी ऑनलाइन पेढी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. क्रेस्टेड ब्यूटच्या डोंगरापलीकडच्या कार्बनडेलमधील ‘रेव्हल’ या माउंटन बाइक कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये काम थांबवले. संस्थापकाने नंतर ती परत विकत घेऊन सुरू केली. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने तैवानवर ३२ टक्के आयातशुल्क जाहीर केले, ऑगस्टमध्ये ते २० टक्क्यांवर आणले. चांगल्या सायकलींचे सांगाडे मोठ्या प्रमाणात तैवानमधूनच येतात, तेव्हा दुकानदाराने पुढच्या हंगामाचा माल कोणत्या भावाने मागवायचा? कारखान्यातून थेट घरपोच सायकल विकण्याची पद्धतही गेल्या दशकात रुजली आहे. नवी सायकल विकण्याचा नफा कंपनीकडे, सैल झालेला ब्रेक मात्र गावातल्या मिस्त्रीकडे, अशी ही वाटणी आहे. दुरुस्तीवर दुकान तगते खरे, पण त्यातून कामगाराच्या घराचे भाडे निघत नाही.

वाटांचे वादही आहेत. गावाला वेढणारी मरून बेल्स-स्नोमास, रॅगेड्स आणि वेस्ट एल्क ही क्षेत्रे कायद्याने ‘विल्डरनेस’ ठरली आहेत आणि तेथे यांत्रिक वाहनांबरोबर सायकललाही मज्जाव आहे. तो उठवावा असे काही सायकलस्वारांचे म्हणणे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र २०१७ मध्ये तशा विधेयकाला पाठिंबा नाकारला. विजेवरच्या सायकली वन सेवेच्या लेखी मोटारवाहनेच आहेत. हे वाद रंगतात खूप. पण दुकानातल्या बाकावर बसणाऱ्यांच्या दृष्टीने घरापुढे ते दुय्यम आहेत.

वेगळा मार्ग कोठे दिसतो काय? कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील डाऊनीव्हिल हे सोन्याच्या शोधात वसलेले गाव. २०२० मध्ये तेथे तीनशेही लोक उरले नव्हते. तेथील एक सायकल दुकान गिऱ्हाइकांना गाडीने डोंगरमाथ्यावर सोडी आणि ती सुमारे चार हजार फूट उतरून पुन्हा दुकानापाशी येत. त्या दुकानाच्या मालकाच्या पुढाकाराने २००३ मध्ये वाटांची निगा राखणारी ‘सिएरा ब्यूट्स ट्रेल स्टुअर्डशिप’ ही ना-नफा संस्था निघाली आणि दुकानाचे उत्पन्न वाटांच्या कामाला जोडले गेले. वाट राखणे हा तेथे फावल्या वेळचा उपकार न राहता पगाराचा रोजगार झाला. तोडगा मोलाचा आहे. मात्र डाऊनीव्हिल आडबाजूला आहे आणि तेथे स्कीइंगचे बडे केंद्र नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. जेथे जमीन दहा पटींनी महाग, तेथे नुसता पगार पुरत नाही.

म्हणून क्रेस्टेड ब्यूटमध्ये लक्ष लागले आहे ते गनिसन काउंटीने गावाच्या दक्षिणेस हाती घेतलेल्या व्हेटस्टोन प्रकल्पाकडे. सुमारे अडीचशे भाड्याची घरे तेथे नियोजित आहेत. स्थानिक कामगारांना राहता यावे, हा त्यामागचा हेतू. अडीचशे घरे हा या दरीत मोठा आकडा आहे. पण रुग्णालयाची परिचारिका, शाळेचा शिक्षक, बर्फ हटवणारा चालक आणि उपाहारगृहांतला आचारी हे सारे त्याच रांगेत आहेत. सायकल मिस्त्रीचा क्रमांक त्यांच्यात कितवा लागतो, यावर पुढच्या वसंतात आडव्या पडलेल्या झाडाला करवत कोण लावणार, हे बरेचसे ठरेल. तोवर त्याच्यासाठी गनिसनहून सुटणारी बस आहे. ती मोफत आहे आणि एका बाजूचे अंतर पंचेचाळीस किलोमीटर आहे.